एल्विन नॉस्केची वाटून टाकलेली मोटरसायकल

एल्विन नॉस्के कुणालाही नाही म्हणत नाही, हे आमच्या यारकूल गावात पोरांना चालता येण्याआधी कळतं. पाद्री दर ईस्टरला त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक करतात. मी करणार नाही. मी त्याच्या शेजारी राहते, आणि मोठ्या मनाच्या माणसाचं शेजारपण काय असतं ते पाद्र्यांना ठाऊक नाही. त्यांच्याकडे एल्विनची शिडी आहे.

मी ट्रूडी. या भागातलं टपाल मी वाटते. एक दिवसाआड गाडी काढायची आणि गव्हाच्या शेतांमधून धूळ खात प्रत्येक फाटकापाशी थांबायचं, हे माझं काम. त्यामुळे कुणाच्या घरी काय आहे हे मला कळतं, आणि त्यातलं एल्विनचं काय आहे हेही कळतं. त्याचं गवत कापायचं यंत्र शाळेत आहे. त्याचा तंबू सहलीला गेला तो अजून सहलीवरच आहे. मागे हौदा असलेली त्याची यूट रेक्स फिट्सनरने एका दुपारपुरती नेली, त्याला दोन सुग्या झाल्या. कुणी काही मागितलं की एल्विनचं ठरलेलं उत्तर असतं, "घेऊन जा रे, पडूनच आहे."

एकवेळ स्वतःचं देणं ठीक. हा बायकोचंही देतो. ग्वेंडाच्या आईचा पियानो त्याने गावच्या हॉलला दिला. तेव्हापासून ग्वेंडा नाताळच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसून आपला पियानो दुसऱ्याने बडवलेला ऐकते आणि शेवटी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवते. तिची टाळी मी पाहिली आहे. तशा टाळीने डास मारतात.

तर ही मोटरसायकल. बीएसए कंपनीची, लष्कराने युद्धानंतर विकायला काढलेली, एल्विनने तरुणपणी घेतलेली. तिच्यावरूनच तो ग्वेंडाला नाचाला न्यायचा. लग्नानंतर दोनतीन वर्षांनी ती एकदम चालू होईनाशी झाली आणि शेडमध्ये गेली. आता एल्विनच्या शेडमध्ये उभी असलेली वस्तू म्हणजे 'पडूनच आहे' या सदराखाली आली. ती एकदम गेली नाही, वाटली गेली. पुढचं चाक व्हर्ना लिन्केने नेलं आणि त्यावर बागेचा पाइप गुंडाळला. हँडल फुटबॉल क्लबच्या खोलीत भिंतीला ठोकलं गेलं, त्यावर पोरं ओले टॉवेल वाळत घालतात. साखळीने कुणाच्या तरी कुत्र्यांच्या कोंडवाड्याचं फाटक बंद व्हायचं. सीटवर बसून आमचे मेंढ्या भादरणारे चहा पितात. आणि पेट्रोलची टाकी रेक्स फिट्सनरच्या फाटकावर खांबाला बसवलेली होती. मागून कापून तिला झाकण लावलेलं. ती त्याची टपालपेटी. मी स्वतः इतकी वर्षं एल्विनच्या टाकीत रेक्सची बिलं टाकत आले.

शेडमध्ये उरली होती ती चौकट, मागचं चाक, गंजून घट्ट बसलेलं इंजिन आणि धुराड्यात संसार थाटलेले उंदीर.

गेल्या वर्षी एल्विन आणि ग्वेंडाने शेत विकलं. गुडघे दोघांचेही गेलेले. शहरात म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या घरांपैकी एक घेतलं. पुढे गाडी ठेवायला जागा, तीही बेताची. बाकी सगळ्याचा मार्चमध्ये लिलाव, आमच्याकडे होतो तसा, शेतातच ओळी मांडून. हे ठरलं त्या दिवशी मी टपाल द्यायला गेले होते आणि चहाला थांबले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"माझी मोटरसायकल मी नेणार," एल्विन म्हणाला.

ग्वेंडा बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. "कुठली मोटरसायकल?"

"शेडमधली."

"शेडमध्ये मोटरसायकल नाही. उंदरांची चाळ आहे."

"ती नीट करीन मी. हवं ते सामान इंग्लंडहून मागवता येतं, पोस्टाने घरपोच."

"मागवायचं नाही," ग्वेंडा म्हणाली आणि सुरी खाली ठेवली. "ऐक एल्विन. टायर, तेल, वायर घे बाहेरून. बाकी गाडीचा एक नटसुद्धा विकत आणायचा नाही. जे जे दिलंस ते ते जाऊन परत माग. लिलावाच्या दिवशी ती स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली, तर येईल आपल्याबरोबर. नाही गेली, तर ओळीत लागेल आणि ज्याला हवी तो नेईल."

"मागू? लोकांकडे?"

"हो. तोंडाने."

एल्विनचा चेहरा असा झाला, जणू तिने त्याला कपडे काढून रस्त्याने जायला सांगितलंय. ही मोटरसायकल म्हणजे त्याच्याकडे उरलेली एकच गोष्ट होती जी त्याने कुणासाठी नव्हे, स्वतःसाठी घेतली होती. तेवढीच त्याला हवी होती. आणि ती मिळवायला जे करायचं ते नेमकं त्याला येत नव्हतं.

यूट रेक्सकडे, म्हणून तो माझ्या टपालाच्या गाडीतून निघाला. पहिलंच घर व्हर्ना लिन्केचं. हा आत गेला. मी बाहेर वाट पाहत बसले. बऱ्याच वेळाने आला तो हातात लिंबांची पिशवी घेऊन.

"चाक?"

"ती झाडांना पाणी घालत होती गं. पाइप गुंडाळलेला होता."

"मग?"

"बरं दिसेना."

मी त्याला पुन्हा आत पाठवला आणि हॉर्नवर हात ठेवून बसले. व्हर्नाच्या कोंबड्यांनी त्या दिवशी अंडी दिली नसतील, पण चाक आलं. चाक घेऊन तो खूश, आणि मीही खूश, ते घरी पोचेपर्यंत. तिथे त्याने फळीवरची ग्वेंडाची मोठी कढई उचलली.

"ही कुठे चाललीय?"

"व्हर्नाला. पाइप गुंडाळायला काहीतरी नको का? कढई पालथी घातली की..."

मी टपाल वाटणारी बाई आहे, पाद्री नाही. त्यामुळे मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तरी हळूहळू त्याला जमायला लागलं. 'माझं आहे' हे शब्द काही तोंडातून निघत नसत. "ते तुझ्या भिंतीवर जे आहे ना..." असं सुरू करून तो भिंतीकडे बघत राहायचा आणि समोरचा माणूस कंटाळून स्वतःच स्क्रू काढायला घ्यायचा. हँडल असंच आलं. साखळीच्या घरी कुत्रे बाहेर आले, साखळी नंतर आली. सीटसाठी भादरणाऱ्यांनी त्याला तिच्यावर बसवून बिअर पाजली, आणि मग सीटसकट त्याला उचलून माझ्या गाडीत ठेवलं.

रेक्सने मात्र तमाशा केला. रेक्स फिट्सनर म्हणजे असा माणूस की जो उसनं आणलेलं वापरून वापरून स्वतःचं करतो आणि मग मूळ मालकाकडे संशयाने बघतो.

"टाकी? कुठली टाकी? ही माझी टपालपेटी आहे."

"आधी टाकी होती ना रे," एल्विन म्हणाला.

"आधी मी पण बारीक होतो!"

"रेक्स," मी गाडीतून ओरडले, "आज टाकी मिळाली नाही ना, तर तुझं टपाल मी यापुढे तुझ्या मेंढ्यांच्या पाण्यात टाकीन."

"सरकारी नोकर आहेस तू!"

"कंत्राटी आहे! आणि यूट कुठाय त्याची?"

यूटचं नाव काढल्यावर रेक्सला अचानक टाकीबद्दल बरंच काही आठवायला लागलं. आतून एक बेडूक निघाला, त्याला त्याने हळूच बाजूला ठेवलं. मग जो भाग स्वतः कापला होता तो स्वतःच वेल्डिंग करून बसवून दिला, पूर्ण वेळ शिव्या देत. तो जोड अजून दिसतो, बोटाएवढा जाड. ग्वेंडाने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "छान. निदान दिसतंय तरी, कुणी कापली होती ते." त्या बदल्यात एल्विनने रेक्सला आपला दुधाचा जुना कॅन टपालपेटी म्हणून देऊन टाकला, हे तिला मी सांगितलं नाही. यूट मात्र मी त्याच दिवशी रेक्सच्या अंगणातून चावी उचलून घरी आणवली.

घरी मागच्या ओसरीवर काम चालायचं. एल्विनला मागता येत नसलं तरी हातात कला आहे, हे मान्य करावं लागेल. पिस्टन सिलिंडरमध्ये असा अडकला होता की जन्मल्यापासून तिथेच असावा. त्याने वरून डिझेल ओतलं आणि रोज सकाळी चहा पिता पिता लाकडाचा ठोकळा ठेवून एकेक टोला द्यायला सुरुवात केली. हळू, दार ठोठावतात तसा. मी म्हटलं, जोरात मार की. "जोरात मारला तर फुटेल," तो म्हणाला. "याला पटवावं लागतं." एका सकाळी पिस्टन केसभर हलला. एल्विन धावत आत जाऊन ग्वेंडाला हाताला धरून घेऊन आला. तिने पाहिलं, म्हणाली, "हललाय खरा," आणि परत गेली. पण जाताना हसली, ते मी पाहिलं.

मग त्याने ओव्हनचा घोटाळा केला. इंजिनच्या खोक्यात बेअरिंग बसवायचं तर खोकं तापवावं लागतं, म्हणजे ते जरा फुगतं आणि बेअरिंग आत पडतं. ग्वेंडा चर्चला गेलेली बघून त्याने खोकं तिच्या ओव्हनमध्ये सरकवलं. बेअरिंग सुरेख बसलं. त्या आठवड्यातला केक मात्र ग्रीजच्या वासाचा झाला, आणि तो गेला होता एका बारशाला.

"विचारायचं तरी होतंस," ग्वेंडा म्हणाली.

"तू घरी नव्हतीस ना."

"म्हणूनच विचारायचं असतं, एल्विन," ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही कळलं नाही.

फेब्रुवारी संपता संपता गाडी गाडीसारखी दिसायला लागली. एक गोष्ट सोडून. मॅग्नेटो नव्हता. या जुन्या गाड्यांमध्ये ठिणगी पाडायचं काम तो करतो. मुठीत मावणार नाही असा जड लोखंडी गोळा असतो. तो नसेल तर बाकी कितीही चकचकीत करा, नुसता लोखंडाचा पुतळा.

"तो मी ब्रूनो शिर्मरला दिला असणार," एल्विन म्हणाला. ब्रूनो देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही त्याच्या मुलाकडे गेलो. एल्विनने या वेळी दारातच, भिंतीकडे न बघता, सरळ मागितलं. मला त्याचा अभिमान वाटला. पण शिर्मरच्या पोराने सगळ्या शेडा उघडून दाखवल्या. एल्विनचा पान्हा सापडला, ऐरण सापडली, एक खुर्ची सापडली, मॅग्नेटो नाही. मग तो आणखी कुणाकुणाकडे गेला. ज्यांच्याकडे असण्याची शक्यता होती त्यांच्याकडे, आणि मग ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्याकडेही. ज्या माणसाला व्हर्नाकडे चाक मागता येत नव्हतं तो आता अनोळखी माणसाला पेट्रोलपंपावर थांबवून विचारत होता. कुठेच नाही.

लिलाव शनिवारी. गुरुवारी लिलाववाल्याच्या माणसांनी शेतात ओळी लावल्या. नांगर, पंप, ड्रम, बिछाने, बशा. मोटरसायकल तिसऱ्या ओळीत पाण्याच्या पंपाशेजारी उभी केली आणि टाकीवर, त्या जाड जोडाच्या बरोबर वर, नंबराचा कागद चिकटवला. एल्विन तिथे उभा राहून बघत होता. त्याने कागद चिकटवणाऱ्या पोराला विचारलं, "पाणी हवंय का रे?" आणि त्याला पाणी आणून दिलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवले. त्यांच्याकडे राहिलेल्या माझ्या ताटल्यासुद्धा त्यांनी खोक्यांत भरल्या होत्या, चुकून. थंड मांस, पाव, आणि ग्वेंडाच्या काकड्या. आमच्याकडच्या जर्मन घरांत हे चालतंच. उन्हाळ्यात चिनी मातीच्या मोठ्या बरणीत मिठाचं पाणी, शेपू, द्राक्षाची पानं आणि काकड्या घालतात, वर लाकडी चकती, आणि काकड्या तरंगू नयेत म्हणून चकतीवर वजन. ग्वेंडाचं वजन जाड कापडाच्या शिवलेल्या पिशवीत होतं. एल्विनने नेहमीसारखं ते स्वतः उचलून बाजूला ठेवलं, काकड्या काढल्या, पुन्हा ठेवलं.

"झालं मग," तो बसत म्हणाला. "जाऊ दे ओळीत."

"सगळ्यांना विचारलंस?" ग्वेंडाने विचारलं.

"सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"ट्रूडीला विचार. एक घर सोडलं नाही."

"खरंय," मी तोंडातल्या काकडीसकट म्हटलं.

"या घरात किती माणसं राहतात, एल्विन?"

"दोघं."

"मग?"

तो तिच्याकडे बघत राहिला. पिस्टनला जितका वेळ लागला नव्हता तितका त्याला लागला असं मला वाटलं. मग अगदी हळू आवाजात, भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघून, तो म्हणाला, "ग्वेंडा, माझा मॅग्नेटो तुझ्याकडे आहे का?"

"आहे."

"कुठे?"

"आत्ता हातात होता की तुझ्या."

मी उठून बरणीपाशी गेले. पिशवीची शिवण घट्ट, वरचेवर नव्या दोऱ्याने घातलेली. आत मेणकापडाचे थर. इतकी वर्षं तो माणूस दर उन्हाळ्यात आपला मॅग्नेटो स्वतःच्या हाताने उचलत होता, काकडी खात होता आणि मॅग्नेटो गेला कुठे म्हणून विचारात पडत होता. मला हसू फुटलं. पण ग्वेंडा हसत नव्हती, म्हणून मी ते आत घेतलं.

"ब्रूनोची स्वयंपाकीण सुगीच्या तोंडावर पळून गेली होती," ती म्हणाली. "आठवतंय? तू त्याला म्हणालास, ग्वेंडाला घेऊन जा. मला नाही विचारलंस. तो फाटकाशी गाडी घेऊन आला तेव्हा मला कळलं. अख्खी सुगी मी त्याच्या माणसांना रांधून वाढलं. सुगी संपली तर तो म्हणाला, आता कुंपणाचं काम आहे, राहू दे आणखी. तू न्यायला येशील म्हणून मी वाट पाहिली. तू परत मागायला आलाच नाहीस. मग मी चालत आले. सबंध रस्ता. घरी येते तर टेबलावर चहासुद्धा नाही, आणि मोटरसायकल पुसून उभी. उद्या ब्रूनो घेऊन जाणार आहे, म्हणालास."

एल्विनने हातातली काकडी ताटलीत ठेवली.

"तू झोपलास आणि मी पान्हा घेतला. माझा पियानो तर गेलाच होता. म्हटलं, तुझी तरी एक राहू दे घरात. ब्रूनो किक मारून मारून लंगडत गेला दुसऱ्या दिवशी." तिने पावाचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "तू 'पडूनच आहे' म्हणाला होतास का रे माझ्याबद्दल? तेवढं मला आजवर कळलेलं नाही."

"नव्हतो म्हणालो," एल्विन घाईने म्हणाला.

"मग काय म्हणालास?"

त्याला खोटं बोलता येत नाही. ही त्याची आणखी एक खोड.

"'घरीच असते' म्हणालो."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण दार त्याच्या खुर्चीमागे होतं. ग्वेंडाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि ते पाणी सगळं हसण्याचं नव्हतं.

"चुकलो," एल्विन म्हणाला. "मी तुला विचारायला हवं होतं. आणि न्यायला यायला हवं होतं."

"हो, यायला हवं होतंस."

शुक्रवारी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, मॅग्नेटो दोन्ही हातांत धरून. "ग्वेंडा, हा सुकवायला ओव्हन वापरू का?" ती म्हणाली, मंद ठेव. शेपूचा वास घरभर पसरला. दुपारी त्याने तो जागेवर बसवला, ठिणगीची वेळ जुळवली, कागद फाडून काढला आणि किक मारली. गाडी शिंकली. पुन्हा शिंकली. मग एक मोठा आवाज, धुराड्यातून शेवटच्या उंदराचं घरटं उडालं, आणि ती सुरू झाली. धडधडत, सगळ्या शेताला ऐकू जाईल अशी. एल्विनने हात वर केले. वाऱ्यावर पेट्रोलबरोबर लोणच्याचा वास येत होता.

ग्वेंडाने मला विचारलं, "बरणीवर ठेवायला तुझ्याकडची एक वीट देतेस?"

"परत मिळेल का?"

"मागायला ये," ती म्हणाली.

शनिवारी अख्खं यारकूल आलं होतं. गाडीला नंबरप्लेट नव्हती, पण आमच्याकडे पोलीस मंगळवारी येतो. लिलाववाला पहिल्या ओळीत ओरडत होता, माणसं त्याच्या मागे. एल्विन मोटरसायकल फाटकाशी चालू करून उभा, आणि रेक्स फिट्सनर टाकीवरून हात फिरवत होता.

"टाकी तर अर्धी माझीच आहे," तो म्हणाला. "एक फेरी मारू दे की. कोपऱ्यापर्यंत."

एल्विनचं तोंड उघडलं, आणि 'घेऊन जा रे' त्यात तयार होतं, मला दिसलं. त्याने तोंड मिटलं.

"नाही," तो म्हणाला. इतक्या चमत्कारिक आवाजात की रेक्सने त्याला बरं वाटत नाही का, असं विचारलं.

मग एल्विन मान वळवून ग्वेंडाला म्हणाला, "माझ्याबरोबर येतेस का? मागे बसून?"

"मला विचारतोयस?"

"हो, तुलाच."

"मग विचार करते," ग्वेंडा म्हणाली आणि ओळींमध्ये निघून गेली. तिने आपल्या बशा विकल्या जाताना पाहिल्या. आपले बिछाने पाहिले. शिर्मरच्या पोराशी गप्पा मारल्या. पियानो परत हवाय असं पाद्र्यांना सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. एल्विन गाडी चालू ठेवून तिथेच उभा, पेट्रोल जळत होतं. मी म्हटलं, बंद तरी कर. तो नको म्हणाला.

तिसऱ्या ओळीत लिलाववाला पाण्याच्या पंपापाशी आला. शेजारची जागा रिकामी होती, गवत दबलेलं. तेव्हा ग्वेंडा परत आली. तिने डोक्याला रुमाल बांधला, काखेत काकड्यांची छोटी बरणी घेतली आणि त्याच्या खांद्याला धरून मागे चढून बसली.

"किती वेळ थांबलो मी," एल्विन म्हणाला.

"मीही थांबले होते," ग्वेंडा म्हणाली. "चल आता."